लागू की गैरलागू?

कुणीतरी माझी उत्तरं बदलतंय! पुरावा नाही म्हणून नाव घेत नाही, पण बदलतंय. तुम्हाला सांगतो, कॉलेजपासून मी ओरडून सांगतोय, माणसाला हवी ती माहिती मिळाली की अर्धं जग सुधारेल, आणि नोकरीही नेमकी तसलीच लागली... लोक कॉम्प्युटरला काहीबाही विचारतात, तो काहीबाही शोधून देतो, आणि ते विचारल्याला धरून आहे का, हे आम्ही ठरवायचं. दोनच बटणं. लागू, गैरलागू. यात मतभेद कसला हो? खुर्चीला खुर्ची म्हणायला दोन माणसं लागतात?

लागतात! तोच प्रश्न मला, तोच पलीकडच्या चष्मेवाल्या बाईंना. एकमेकांचं डोकावून बघायचं नाही. आणि उत्तरं जुळलीच नाहीत, तर जो नवा तो घरी. नवा कोण? मी!

परवा प्रश्न आला, 'बाळ सारखं रडतं, काय करू?' आणि खाली काय शोधून दिलंय? कानात घालायच्या बोळ्यांची जाहिरात! एक जीव रडतोय आणि हे बोळे विकतायत! संतापून दाबलं, गैरलागू. बाईंनी? न जुळलेल्या उत्तरांची यादी आली तेव्हा कळलं, लागू! चहाच्या वेळी विचारलंच मी.

"अरे, त्या आईचा विचार कर की."

"प्रश्नात आई कुठाय, बाई?"

"मग काय बाळानं विचारलंय?"

आता हे काय उत्तर झालं? तेव्हाच ओळखलं, माझी खुर्ची रिकामी करायचा डाव आहे. बाईंचा भाचा नोकरी शोधतोय, हेही कानावर आलंय. कुणीतरी बदलतंय, मी म्हणतो ते उगाच नाही!

त्यात कालपासून घरी धाकटी बहीण राहायला आलीय, माझ्या तान्ह्या भाच्याला घेऊन. गोड आहे हो... पण आवाज! माहितीपूर्ण लेख वाचून दाखवले मी बहिणीला, मोठ्यानं. ती म्हणते, "दादा, आता तू तरी गप्प बस!"

आणि आज साहेबांनी बोलावलं, बाईंच्या टेबलाशीच.

"बाईंशी तुमचं जुळत नाही, समजू शकतो. पण तुमचं तुमच्याशीही जुळत नाही? जुने प्रश्न आम्ही मुद्दाम पुन्हा पाठवतो. परवा तुम्ही बोळे गैरलागू म्हणालात, आज लागू!"

"बघा! मी सांगत नव्हतो, कुणीतरी बदलतंय!"

"अहो, आज बटण दाबताना मी तुमच्या मागे उभा होतो. हाकही मारली."

"काय मारली?"

"हाक!"

नीट ऐकू येईना, म्हणून मी... काय करणार, घरून तसाच निघालो होतो... कानातला कापसाचा बोळा काढायला लागलो. साहेब बघतायत. मी बघतोय बोळ्याकडे. आणि बाई, चष्म्यावरून, अगदी मायेनं:

"राहू दे रे कानात. आज पहिल्यांदा जुळलंय आपलं."