दीड रुपयाची पिशवी

वीरभद्रप्पा : फाटली म्हणजे? जाडी रबरी पिशवी सहा महिने टिकते. दिवाळीला तर नेलीस. धुवायची, पावडर लावून ठेवायची, बस्स.

सिदू : धुतली की. पर चिकट झाली, मग चीर पडली. ही बगा, कागदात आनलीया.

वीरभद्रप्पा : अरे, इथं नको! औषधाचं दुकान आहे, नव्या पेठेतलं. कुणी आलं तर... आण इकडं. कधी फाटली?

सिदू : संक्रांतीच्या आगंमागं. आता मल्लव्वाला तिसरा म्हैना हाय.

वीरभद्रप्पा : शिव शिव! डॉक्टरीणबाईंनी तर तिला...

सिदू : सांगितलं हुतं. मागल्या बाळंतपनात लई रगत गेलं. पुन्यांदा दिवस गेलं तर वाचायची न्हाय म्हनल्या. दिवस ऱ्हाऊ नयेत म्हनून तर तुमच्याकडनं ही नेली.

वीरभद्रप्पा : तेव्हाच म्हणालो होतो, पातळ घे. एकदा वापरली की टाकून द्यायची.

सिदू : डझनाला तीन रुपये, अन्ना! गिरनीत आठवडाभर राबलं की चार पडत्यात हातात. आमच्या चाळीत कोन घेतंय? हरिबा म्हनतो, रातीला चार आनं जाळन्यापरीस पोर परवडलं. मी निदान दीड रुपयाची तरी नेली.

वीरभद्रप्पा : थांब. हिला वास कसला येतोय? तेल लावलंय?

सिदू : करडीचं. दर आयतवारी.

वीरभद्रप्पा : अरे, तेलानं रबर खराब होतं! पाकिटातल्या कागदावर ठळक छापलंय.

सिदू : इंग्रजीत? मला कसं कळावं? तुमी का न्हाय सांगितलं?

वीरभद्रप्पा : दुकानात बायका उभ्या होत्या. लाज वाटली रे. गुंडाळून तुझ्या हातात दिली नि मोकळा झालो... पण तेलाचं सुचलं कुणाला?

सिदू : मल्लव्वाला. तिचा बा मोहोळकडं मोट हाकायचा. मोटंचं चामडं तेल पाजून जपत्यात, न्हाईतर चिरतं. येवढ्या म्हागाची चीज म्हनून एक आयतवार चुकवला न्हाय तिनं.

वीरभद्रप्पा : तिला कळलंय, कशानं फाटली ते?

सिदू : न्हाय. भायेर पायरीवर बसलीया. अन्ना, तिला तेलाचं बोलू नका.

वीरभद्रप्पा : मग काय सांगू?

सिदू : तुमीच बगा. मला न्हाय सुचत.

वीरभद्रप्पा : बोलव तिला. आणि इथून थेट बायकांच्या दवाखान्यात जा, टांगा मी करून देतो. बाईमाणसाच्या जिवावर बेतलं असलं तर डॉक्टरांना कायद्यानं काही करता येतं. उशीर नको.

(मल्लव्वा पदर सावरत आत येते.)

मल्लव्वा : अन्ना, लेकरावानी जपली हुती वो मी. काय चुकलं माजं?

वीरभद्रप्पा : काही नाही, बाई. माल जुना होता. मी बघून द्यायला हवा होता.