आमच्या दोघांच्या भिंतीवरची रेघ

(दुपार. एकमेकांना चिकटून असलेली दोन घरं, पुढची भिंत सलग. पायरीवर रंगाची बादली.)

धाकटा : ताई, ब्रश धर. तुझ्या बाजूची तूच मार. मी हात लावला की म्हणशील, विचारलं नाही.

ताई : विचारलंस कुठे? बादली घेऊनच आलास.

धाकटा : मग आता विचारतो. त्या नर्सबाई थोड्या वेळात घर बघायला येतील. त्याआधी तेवढी रेघ झाक.

ताई : आधी इकडे रस्त्यावर ये, माझ्याशेजारी उभा राहा. तुझ्या बाजूला काय करून ठेवलंयस ते बघ. काय दिसतं?

धाकटा : ...रेघच.

ताई : आधी मळकी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याचं लक्षही जात नव्हतं. आता कळकट भिंतीवर पांढरीशुभ्र पट्टी. पलीकडच्या काठावरून दिसेल. अख्खी भिंत मारायची होती ना, शहाण्या.

धाकटा : रंग पुरत नव्हता. अर्धा तुझ्यासाठी ठेवला.

ताई : वाटणीच्या वेळी कधी एवढा सरळ वागला नव्हतास तू.

धाकटा : चेष्टा नको. अख्ख्या गल्लीनं आपापले पुराचे डाग झाकले. समोरच्या मास्तरांनी तर फरशी बसवून घेतली भिंतीला. तुझंच घर उरलंय. तुझं एकटीचं काय अडतं?

ताई : माझं काही अडत नाही. मी ब्रश लावणार नाही, एवढंच.

धाकटा : अगं, कचेरीतल्या नकाशात आपली गल्ली पूररेषेच्या बाहेर आहे. मी स्वतः जाऊन बघून आलो.

ताई : नदीनं बघितलाय का तो नकाशा?

धाकटा : आलं तिरकं बोलणं.

ताई : सरळ बोलते. त्या वादळात तुझे पत्रे उडाले, आणि सकाळी नदी आपल्या दोघांच्या घरात होती. पाणी उतरलं तेव्हा आई ओरडत होती, आधी चिखल काढा, आधी भांडी धुवा. बाबांनी काय केलं? गवंड्याचा हात त्यांचा. आधी थापी घेतली, आणि पाण्याचा डाग होता तिथे रेघ ओढली. माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत. म्हणाले, घर धुतलं की पाणी किती होतं ते माणसं विसरतात.

धाकटा : बाबा गेले. मला पोरीला मोठं करायचंय. आभाळ भरून आलं की तिची आई तिला मांडीवर घेऊन जिन्यावर जाऊन बसते. ऊन पडेपर्यंत खाली उतरत नाही. शेगडीवर दूध उतू जातं, दाराला लोक येऊन परत जातात. मी त्या दोघींना टेकडीवर न्यायचं म्हणतोय. हे घर विकलं गेल्याशिवाय ते घर येत नाही. यात माझं काय चुकलं?

ताई : नेण्यात काही चुकलं नाही. ने. मीच तुझं सामान बांधून देईन.

धाकटा : मग?

ताई : तुम्ही गेल्यावर त्या जिन्यावर कोण बसणार? जिना तर इथेच राहणार आहे. तू ज्या भीतीनं पळतोयस, तीच झाकून दुसऱ्याच्या गळ्यात मारतोयस. हे मला पटत नाही, आणि तुलाही पटत नाहीये. पटलं असतं तर आज एवढा घाम नसता आला.

धाकटा : तुला बोलायला काय जातं? तुझी शिवणयंत्रं दोर-कप्पीला टांगलेली. लोक हसतात, शिवणकामाचं दुकान आहे की खाटकाचं.

ताई : हसू देत. त्या सकाळी सगळ्या बाजारात माझीच यंत्रं कोरडी होती. वारा फिरला की मी दोर ओढते, यंत्रं छताला, कापडाचे तागे माळ्यावर, आणि मी मावशीकडे. नदी ओसरली की परत. हे घर सोडायला मला कुणी लावू शकत नाही, नदीसुद्धा नाही. पण मी राहते ती माहीत असून राहते. येणाऱ्या बाईलाही माहीत असू दे. मग राहायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

धाकटा : तिच्यासमोर तू तोंड उघडलंस ना, तर तुझं-माझं संपलं. सांगून ठेवतो.

ताई : मी एक अक्षर बोलणार नाही. शपथ घालायची तर घाल. पण माझ्या भिंतीला रंग लागणार नाही. आता काय करायचंय ते कर.

धाकटा : हट्टी आहेस. आईवर गेलीस.

ताई : आणि तू कुणावर गेलायस, तेच कळत नाही. त्या बघ, आल्याच.

नर्सबाई : नमस्कार. जरा लवकरच आले. आज दवाखान्यातली पाळी लवकर सुटली.

धाकटा : या, या. ही माझी मोठी बहीण. शेजारचं हे तिचं घर.

नर्सबाई : म्हणजे शेजार चांगला आहे. खरं सांगू, परवा बाहेरून बघितलं तेव्हाच मनात भरलं होतं. खालची खोली मोठी आहे ना? सासूबाईंसाठी हवीय. त्या अंथरुणाला खिळून आहेत. कूस बदलायची म्हटली तरी कुणाला तरी हात द्यावा लागतो.

धाकटा : ...हो. खालची खोली मोठी आहे.

नर्सबाई : खिडकीखाली खाट टाकली की त्यांना रस्ता दिसेल. आणि भिंतीवरची ही पांढरी पट्टी हौसेनं काढलीय? मग यांच्या बाजूला ती अशी काळी, खरवडलेली कशी?

धाकटा : ताई...

ताई : मी चहा टाकते. तुमचं बोलणं होऊ दे.

नर्सबाई : मी काही चुकीचं विचारलं का?

धाकटा : नाही. बरोबर विचारलंत. हौसेनं नाही काढली. ती एकच रेघ आहे. माझ्या बाजूची मी आज सकाळी झाकली.

नर्सबाई : कशाची रेघ?

धाकटा : पाण्याची. मागच्या पुरात इथवर आलं होतं.

नर्सबाई : इथवर? मी उभी राहिले तर...

धाकटा : माझ्या बाजूचा रंग ओला आहे. ताईच्या भिंतीला पाठ लावा. हं. तुमच्या हनुवटीला टेकलं.

नर्सबाई : आणि खाटेवर झोपलेल्या माणसाच्या?

धाकटा : खूप वर.

नर्सबाई : समोर फरशीवालं घर आहे ना, तेही काल बघितलं मी. ते गृहस्थ म्हणाले, या गल्लीत कधी कुणाचं पाऊलही भिजलं नाही.

धाकटा : मीही तेच म्हणणार होतो. घोकून ठेवलं होतं. पण तुम्ही सासूबाईंची खाट मांडलीत, आणि तोंडातून निघेना.

नर्सबाई : रागच आला मला तुमचा.

धाकटा : येणारच.

नर्सबाई : मी त्यांना तिथे झोपवून रात्रपाळीला गेले असते.

धाकटा : हो.

ताई : चहा घ्या. अरे, असा पुतळ्यासारखा काय उभा आहेस? बाईंना बसायला तरी दे.

नर्सबाई : बसत नाही. आधी वरची खोली दाखवा. जिना किती रुंद आहे ते बघायचंय. माणूस उचलून न्यायचं काम मी रोज करते, ते मला नवीन नाही. वरच्या खोलीत खाट मावली तर विचार करेन. नाही मावली तर नाही. पण मला फसवायचं नाही, मग समोर नदी असो की तुम्ही.

धाकटा : जिना रुंद आहे. बाबांनी बांधलाय. दाखवतो. त्याआधी एक काम करू द्या. ताई, बाबांची थापी कुठे आहे?

ताई : दाराच्या मागे, खिळ्याला. कशाला?

धाकटा : रंग ओला आहे तोवर खरवडून काढतो, आणि रेघ परत ओढतो.

ताई : मास्तर खिडकीतून बघतायत.

धाकटा : बघू देत. उद्या विचारायला आले तर सांगेन, तुमच्या फरशीवरही ओढून देतो. बाई, तुम्ही तशाच उभ्या राहा, हलू नका, तुमच्या हनुवटीचं माप धरतो.

नर्सबाई : नाही हलत. ओढा.

ताई : माझ्या रेघेला भिडवून ओढ. मध्ये फट ठेवू नकोस.