मागच्या दारानं गेलेली कमळं

सगळ्यांच्या आधी कोण आलं, ते सांगते. बेस्तरवारी सकाळी गोदाक्का गेली. अजून बांबू यायचे होते. आम्ही चार बायका तिच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. आणि मागच्या दारातनं एक डोकं आत आलं. सुशीचं. ती बघा, तिसऱ्या ओळीत बसलीया, तोंडाला पदर लावून. मला वाटलं, रडायला आली बिचारी. तर माझ्या कानाशी वाकून म्हणती, "काकी, आमच्या विमलच्या रुखवताची ती कमळाची परडी तेवढी पुरी झालती का हो?"

सुशे, खाली बघू नकोस. तुझं नाव घेणार न्हवते मी. आता घेतलं तर घेतलं. परडी अर्धीच झालीया आणि ती माझ्याकडं हाय. तुला मिळायची न्हाई.

मंडळी, मला बोलायला येत न्हाई. दुसरीतनं शाळा सुटली माझी. या तालमीत बाईमाणूस कधी बोललेलं न्हाई, हे पण मला ठावं हाय. बापूसाहेब अध्यक्ष हायत, त्यांनी "शेवंताकाकी, दोन शब्द बोला" म्हणून उठवलं. बापूसाहेब, दोन शब्दांत भागायचं न्हाई. माझ्या घशात रडं हाय आणि डोक्यात राग हाय. दोन्ही एकदम वर यायला लागलेत. गोदाक्काच्या शोकसभेला तुम्ही एवढी माणसं जमलाय, पायऱ्यांवर पण बसलाय, बरं वाटलं. पण बोलणं गोड लागायचं न्हाई, हे आधीच सांगते.

माझ्या आधी गुरुजी बोलले. काय म्हणाले? गोदाक्का शांत होत्या. सोशिक होत्या. देवाधर्मात रमलेल्या होत्या. गुरुजी, तुम्ही कुठल्या गोदाक्काबद्दल बोलत होता? शांत? तिच्या जिभेला अख्खी गल्ली भ्यायची! देवळात ती वर्षातनं एकदा जायची, ते पण नवरात्रात मखरं बघायला. तिच्या खोलीतनं देवाचं नाव कमी आणि कातरीचा आवाज जास्त यायचा. कागद करायची ती. कागद! आतापर्यंत तिघं बोलून बसले. एकाच्या तरी तोंडातनं 'कागद' हा शब्द बाहेर पडला? न्हाई पडला. का पडला न्हाई, ते तुम्हाला ठावं हाय आणि मला पण ठावं हाय.

मागं पावणं बसलेत, त्यांना ठावं नसंल. त्यांच्यासाठी सांगते. गोदाक्का मूळची उचगावची. लग्न होऊन आमच्या गल्लीत आली आणि तीन वर्षांत नवरा तापानं गेला. मूल न्हाई. दिरानं मागच्या अंगाची एक खोली दिली. तिचं एक दार घरात, ते बंद. दुसरं बोळात. त्या खोलीत बसून तिनं तीस वर्षं कागद कापला. कुणी शिकवलं न्हाई. कुठनं तरी एक कागदी गुलाब मिळाला होता. त्याची एक एक पाकळी पाण्यानं भिजवून सुटी केली, जमिनीवर मांडली, आणि परत तसाच्या तसा जोडला. झालं शिक्षण.

संक्रांत आली की भेटकार्डं. जाड कागदाची घडी, वर पतंगी कागदाचा इवलासा पतंग, त्याला खऱ्या दोऱ्याची शेपटी. आत चिमटीएवढी पुडी, पुडीत हलव्याचे चार दाणे. तुमची कार्डं पोस्टानं पुण्याला गेली, बेळगावला गेली, कुणाची आजऱ्याला मामाकडं गेली. खाली नाव कुणाचं होतं? तुमचं. दिवाळीला आकाशकंदील. बारशाला पाळण्यावर टांगायच्या चिमण्या, वारा आला की गोल फिरायच्या. डोहाळजेवणाला मोगऱ्याचे दिवस नसले तरी मोगरा फुलायचा, कागदाचा. लढाईच्या दिवसांत कागद मिळंना झाला, तेव्हा साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, काय मिळंल ते. गुरुजी, तुमच्या शाळेतले नापास झालेले पेपर पण तिनं रद्दीतनं उचलले होते. त्याची काय सुरेख कमळं झाली! तुम्ही ज्यांना शून्य दिलं, ती पोरं लग्नाच्या मांडवात झळकली की.

हसा, हसा. हसण्यासारखंच हाय. आता पुढचं ऐका.

लग्नात रुखवत मांडतात. नवरीनं आपल्या हातानं केलेल्या वस्तू. नवऱ्याकडची माणसं हात मागं बांधून बघत फिरतात, आणि नवरीची आई म्हणती, "सगळं आमच्या पोरीनं केलंय हो." आपल्या गल्लीतल्या किती पोरींचं रुखवत गोदाक्कानं केलं? मोजायला गेले तर सकाळ होईल. कागदाचा बंगला, त्याला उघडझाप करणाऱ्या खिडक्या. मोराची गाडी. तुळशीवृंदावन. सप्तपदीची सात पावलं. आणि हे सगळं तिच्या खोलीतनं कसं बाहेर पडायचं? बोळातनं. टोपलीत घालून, वर लुगडं झाकून. बदल्यात त्याच वाटेनं जेवणाचं एक ताट यायचं, दुसऱ्या दिवशी, पंगती उठल्यावर.

आणि ती मांडवात कधी आली? एकदा तरी? कुणी बोलवलं? बोलवणार कसं? पांढऱ्या कपाळाची बाई मांडवात कशी चालंल? तिचे हात चालायचे. ती चालायची न्हाई.

स्वातंत्र्य मिळालं, तेव्हाची गोष्ट सांगते. आठ दिवस तिनं तिरंगी पताका केल्या. अख्ख्या गल्लीला पुरल्या, तालमीच्या या दारावर तोरण झालं. चिकटवायच्या खळीनं बोटं सोलली होती तिची. आदल्या दिवशी पताका न्यायला बापूसाहेब स्वतः आले. तेव्हा तिनं विचारलं, "बापूसाहेब, झेंड्याला तरी विधवा चालती का?" बापूसाहेब काय म्हणाले? "बघू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी झेंडा वर गेला, पेढे वाटले, आणि ती बोळाच्या तोंडाला भिंतीआड उभी. माझ्या ध्यानात आलं, पण मी पेढे वाटत होते. मी पण गेले न्हाई तिच्याकडं.

व्हय, माझं पण सांगणार हाय. दुसऱ्यांची धुणी धुवायला उठले न्हाई मी.

माझी नात पमी. आता तुम्ही म्हणाल, म्हातारी चालली नातीवर. जाऊ दे की! तसली पोर न्हाई कोल्हापुरात. गालाला खळ्या, हाताला वळ्या, आणि रडायला लागली की रंकाळ्यापर्यंत ऐकू जातं. तिच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण केलं. गोदाक्कानं तिच्यासाठी मुकुट केला. आतनं पुठ्ठा, वर काळा कागद, त्यावर हलव्याचा एक एक दाणा बसवून चंद्रकोर. कानाशी दोन कागदी पोपट, पोपटाच्या चोचीत चांदीचा दाणा. पमीनं तो डोक्यावर घेतला आणि पहिल्या झटक्याला पोपट तोंडात घातला. काय हसलो आम्ही! बायका विचारायला लागल्या, "अगं बाई, कुणी केला हो?" आणि मी म्हणाले, "आमच्या सुनेनं."

गोदाक्काची खोली आमच्या भिंतीला भिंत लागून. तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन गेले. तिनं वर पण बघितलं न्हाई. कातर चालूच. म्हणाली, "शेवंते, तुझ्या सुनेला कातर धरता येती व्हय गं? शेंगा सोलताना बोट कापून घेती ती." मी म्हणाले, "अक्का, चारचौघीत तसं म्हणायची रीत हाय." तर म्हणाली, "रीत हाय, व्हय. ताट ठेव आणि जा. दार ओढून घे, कागद उडतोय."

तेवढंच. माफ केलं न्हाई तिनं मला. का करावं?

आता मी एवढी का पेटलीया, ते ऐका. परवा, म्हणजे ती गेल्यावर पाचव्या दिवशी, ट्रेनिंग कॉलेजातल्या दोन बाई गल्लीत आल्या. पोरींना शिक्षिका करतात, तिथल्या. डोळ्यांना चष्मा, हातात वही. मला विचारलं, "गोदूबाई इथेच राहतात का? कागदकाम करणाऱ्या?" तीस वर्षांत तिचं नाव आणि तिचं काम एका दमात कुणी घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आणि ती न्हाई. पाच दिवसांनी उशीर झाला.

म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" तर म्हणाल्या, "शिरोळच्या शालूताईंनी."

बापूसाहेब, मान वर करा. तुमची शालू. तिचं रुखवत शिरोळच्या घरात काचेच्या कपाटात ठेवलंय. सासूला केवढा अभिमान! पहिल्या वर्षीच सासू म्हणाली होती, "सूनबाई, आता नणंदेचं रुखवत तूच कर." पोरीचं इकडं पोस्टकार्डावर पोस्टकार्ड, "आई, काही तरी कर." मग गोदाक्कानं ते पण करून दिलं, वांग्यांच्या करंडीत घालून शिरोळला गेलं. ठावं हाय न्हवं शालूच्या आईला, माईंना? तर त्या कॉलेजच्या बाई शालूच्या घरी पावण्या म्हणून गेल्या होत्या. कपाट बघून म्हणाल्या, "केवढी कला आहे तुमच्या हातात! आमच्या मुलींना शिकवाल का?" आणि शालू सासूसमोर म्हणाली, "मी न्हाई केलं. आमच्या गोदाक्कानं केलं. ती विधवा हाय, म्हणून आम्ही नाव लपवलं."

सासू आठ दिवस बोलली न्हाई म्हणं. नवव्या दिवशी म्हणाली, "आता काय कपाटातनं काढून फेकू व्हय? चांगलं हाय ते." आणि कपाट पुसायला लागली.

शिरोळला दिलेल्या एका पोरीनं, सासरी राहून, सासूच्या तोंडावर नाव घेतलं. आणि आपण? इथं तालमीत, तिच्या फोटोसमोर, "शांत होत्या, सोशिक होत्या"!

त्या बाईंना कॉलेजात तिच्या कामाचं प्रदर्शन मांडायचंय. तिच्या नावाची पाटी लावून. म्हणाल्या, "काम दाखवा." मी खोली उघडली. ती अर्धी परडी मी आधीच आणलेली, बाकी काय होतं आत? एक कातर, खळीचं डबडं, पुठ्ठ्याचे तुकडे. तिनं स्वतःसाठी एक फूल ठेवलं न्हवतं. त्या बाई माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मला लाज वाटली. तिचं सगळं तुमच्या घरात हाय. तुमच्या काचेत, तुमच्या माळ्यावर, तुमच्या ट्रंकेत, तुमच्या पोरींच्या सासरी. आणि सगळ्यावर दुसऱ्याचं नाव.

आणि कुणी म्हणायला जाऊ नका, "आमचं तिनं केलेलं न्हाई." वस्तू उलटी करा. मागच्या बाजूची खळ बघा. गोदाक्का खळीत मोरचूद घालायची, कागदाला कसर लागू नये म्हणून. त्यानं खळ निळसर पडती. ज्याची खळ निळी, ते गोदाक्काचं. तुमच्या पोरींनी खरंच केलेलं कसरीनं कधीच खाल्लंय.

मला ठावं हाय, तुम्हाला कशाची भीती वाटती. व्याही काय म्हणतील? विधवेच्या हातचं मांडवात मांडलं म्हणतील. म्हणू देत की! कुणाचा संसार मोडला? शालूला दोन पोरं हायत. माझी पमी पोपट खाऊन धडधाकट हाय. मग?

आता बापूसाहेब म्हणतील, उभं राहून दोन मिनिटं गप्प राहूया. राहूया. पण आधी न्हाई. गप्प तर आपण तीस वर्षं बसलोय. आधी ज्याच्या घरात तिचं जे हाय, ते त्यानं इथं बोलायचं. मी सुरू करते. माझ्या पमीच्या बोरन्हाणाचा मुकुट गोदाक्कानं केला. माझ्या सुनेनं न्हाई. मी खोटं बोलले.

हं. पुढं?

कुणी न्हाई?

थांबीन मी. म्हातारी हाय, पण पाय धट्टे हायत.

कोण उठलं? माई? या की पुढं. बापूसाहेब, त्यांचा पदर सोडा. सोडा म्हणते ना! बोला, माई.

... मागच्यांना ऐकू गेलं न्हाई. परत सांगा.

ऐकलंत? "आमच्या शालूचा बंगला आणि मोराची गाडी गोदाक्कानं केली. मी सगळ्यांना खोटं सांगितलं." माई, बसा आता. पाणी द्या गं त्यांना कुणी तरी.

तू कोण? दरवाज्यातली? संक्रांतीची सहा कार्डं? ठेवलीस अजून? आण. आणि तू? कंदील फाटलाय? फाटका आण. आणि गुरुजी, तुम्ही हात कशाला वर केलाय? तुमच्या पण घरात? आता गं बाई! तरीच सोशिक म्हणत होता.

पुरे. बाकीचे घरी जाऊन आपापल्या ट्रंका उघडा. आता उभं राहा. सगळे. पोरांना पण उभं करा. दोन मिनिटं तिच्यासाठी.

...

बसा. गोदाक्का, मी तुला हात जोडते. तू माफ करू नकोस मला, पण हे बघून घे.

आणि मंडळी, जाता जाता कानात ठेवा. त्या कॉलेजच्या बाई तिचं काम बघायला रविवारी परत येतो म्हणाल्यात, दुपारी तीनला.