सावडीतलं भजन

गोजरबाई : अजून शहाण्णव टक्क्यांवरच हाय व्हय गं? मढच्या एस्टीवाणी झालंय. येती येती म्हणायचं, अन् येत काय न्हाई.

मंगल : आई, मानगुटीवर बसू नकोस माझ्या. बघतेय ना मी.

गोजरबाई : उद्या भजनी मंडळ यायचंय. अण्णांना त्यांचाच आवाज ऐकवायचाय एकदा. घशाच्या आपरेशनपासनं माणूस नुसतं काठीनं बोलतंय. तुझ्या भावानं, भरतनं, त्यांचं ते भजन नीट एका जागी का न्हाई ठेवलं?

मंगल : अख्ख्या रात्रीचं रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲपवर मावेना. म्हणून हे टोरंट. यात एका जागी काही नसतंच. आपली भातलावणीची सावड असते ना, आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या, तसं. भरतच्या लॅपटॉपवरून एक तुकडा ओतूरच्या बुवांकडे, दुसरा चिमाजीकाकांकडे. मग त्यांनी आपापसात द्यायचे. घेता घेता देत राहायचं.

गोजरबाई : मग सगळ्यांकडं असंल की.

मंगल : होतं. ऐकून झालं, मशीन बंद केलं. काकांनी तर नातीच्या बारशाच्या व्हिडिओला जागा हवी म्हणून पुसून टाकलं.

गोजरबाई : अन् आपलं?

मंगल : आपण उतरवलंच नाही कधी. अण्णा रोज पहाटे गात होते, रेकॉर्डिंग कशाला लागतंय?

गोजरबाई : म्हंजी आपली लावणी करून घेतली अन् सावड फेडायला कुणीच गेलं न्हाई.

मंगल : तसंच. आत्ता दोघांची मशीनं चालू आहेत, पण त्यांच्याकडंही तेवढंच. तेही आपल्यासारखे वाट बघतायत.

गोजरबाई : कुणाची?

मंगल : ज्याच्याकडं पुरं आहे त्याची.

गोजरबाई : त्या नेटच्या डब्याचं बटण बंद करून लाव बरं.

मंगल : लावलं.

गोजरबाई : जुन्नरच्या बदरुद्दीनभाईला इचार. त्याचं दुकानच हाय कॉम्प्युटरचं.

मंगल : विचारलं. ते म्हणाले, ज्यानं टाकलं त्याला मशीन चालू करायला सांगा. आई, भरतचं डिंभे काय परदेशात नाही.

गोजरबाई : तो उचलत न्हाई फोन.

मंगल : तू लावलास कधी?

गोजरबाई : सासुरवाडीला जाऊन राहिला तो. गावात काय तोंड दाखवायचं आमी?

मंगल : तरी आपल्या लावणीला आला का नाही? बायकोला घेऊन आला. चिखलात दिवसभर वाकून, न जेवता गेला.

गोजरबाई : जेवायला थांब म्हणलं न्हाई कुणी.

(आतून अण्णा काठी आपटतात. थांबतात. पुन्हा आपटतात.)

मंगल : ऐकतायत ते सगळं.

गोजरबाई : लाव फोन. तू नको बोलू, आण हिकडं... भरत? आई बोलतीय. व्हय, बरे हायेत. मशीनचं मंगल सांगंल तुला. माझं दुसरंच हाय. तू आमची लावणी करून गेलास, बाबा. तुझ्या रानात आमच्यातलं कुणीच आलं न्हाई.