तळ्यातली सरकी

नाई जी, बादली मागं घ्या— हा झिरा मानसायचा हाये. बैलायले तिकडं विहिरीवर पाजा, खारं हाये पन बैल पितेत. इथं घरटी एक घागर, पाळीपाळीनं. पाटलाच्या सुनेलेबी एकच. मी कोन? पाटलाचीच सून. तुमी ज्यायच्याकडं कापसाचा सौदा घेऊन आले ना, महादेवराव, ते माहे मामाजी.

हे तळं होतं, बरं. हसता काहून? तुमी बसले तिथं गळ्याइतकं पानी राहे— गोडं! या खाऱ्या मुलखात दुसरं गोडं पानी हाये कुठं? दर उन्हाळ्यात अख्खा गाव गाळ काढे, पाटलाचं घर असो का उस्मान पिंजाऱ्याचं. मंग तिकडं गोऱ्यायच्या मुलखात लढाई पेटली, कापसाले सोन्याचा भाव आला— अन् मामाजी म्हने, गाळ फेकता कायले, गाळात कापूस पेरा! बांध फोडला, पानी सोडून देल्लं. कापूस आला ना, छातीइतका आला. पानी गेलं खाली. आमी झिरा खोल खोल खांदत गेलो. चैतात माही जाऊ, जमुना, आत उतरली अन् कड ढासळली तिच्यावर. थोरली सून त्यायची. तिले काढता काढता सांज झाली, जीव कवाच गेला होता.

ती भरली घागर? तिचीच. तिची पाळी कोनी मोडत नाई— भरून ठिवतो, सकाळी रिकामी असते. कुत्रं पेत असंन, मामाजी म्हनतेत. झाकन असते जी वरतून. दगड असते झाकनावर.

अन् आता मिरगाले पुन्हा हेच पेरनार तुमी दोघं? नाई पेरू देनार आमी. फोडलेला बांध आमी बायायनं बुजवला, येतानी पाह्यलाच असंन. अन् पेरसान काय? बियाची सरकी तर आमी— काई नाई. म्हशी दूध चांगलं देऊन राहिल्या औंदा, येवढंच. शिजवून घातली ना त्यायले! घरोघरची, सगळी. उस्मानच्या आबेदानंबी. मामाजीले अजून ठावं नाई.

काय म्हनता? तुमच्या त्या गाडीत बियाची सरकीच हाये? सगळे पोते?



मंग उठा. जा, सांगा मामाजीले गावची सरकी शिजली म्हून, पळत जा. गाडीची काळजी करू नका. गाडीपाशी मी हाओ. जमुना हाये.