बिनगिलाव्याची भिंत

— दोन हजार चार नाही बळवंत, दोन हजार तीन. डिसेंबरचा पहिला मंगळवार. भाताची झोडणी उरकली होती, सकाळची थंडी पडायला लागली होती आणि तुझ्या ह्या दीड गुंठ्यात वाल वीतभर वर आला होता. तारखेत मला चुकवू नकोस. शाळा दुसरीपर्यंत, पण बत्तीस वर्षं कंपनीत कार्ड पंच केलंय, तारीख विसरत नाही मी. बस. उभा काय राहिलास? एकवीस वर्षं उलटून गेली, ह्या ओट्याला पाय लावला नाहीस, आणि आज आलास तो काय म्हणून, तर झुंबरभाऊ, जागा घे. अपेक्षा, दोन चहा ठेव इथं आणि आत जा. दार ओढून घे. — माझ्या कैलासची बायको. तुला माहीत आहे, बोळातून रोज बघतोस. बघतोस आणि मान खाली घालून जातोस. चहा पी. विष नाही घातलेलं.

मला आधी का विचारलंस? तुझ्या पोरानं, केतननं सांगितलं? नाही, केतन तिकडे वापीला, त्याला पैसे कळतात, शेजार कळत नाही. त्या दलालानं तुला जास्त भाव सांगितलाय, हे अख्ख्या सालवडला माहीत आहे. मला दोन लाख कमी सांगतोस. का? भीक घालतोस? झुंबरनं आजवर कुणाचं फुकट खाल्लं नाही. बीडहून आलो तेव्हा अंगावर एक सदरा होता, आणि कंपनीच्या गेटवर बिगारी म्हणून उभा राहिलो — तरी उसना चहा प्यालो नाही. दलालाला दे म्हणायला माझं काय जातं? — जातं. खरं सांगतो, जातं. तो सहा खोल्या काढील, वर पत्रे टाकील, आणि त्याची भिंत माझ्या भिंतीला आणून चिकटवील. मग संपलं. परवा आला होता इथं, मोबाइलवर फोटो काढत होता माझ्या भिंतीचा. मी मानगूट धरून त्याचं तोंड त्याच विटांवर घासलं. म्हटलं, काढ आता फोटो, जवळून. नाक फुटलं त्याचं. बहात्तरावं चालू आहे मला, पण मूठ आवळली की आवळते अजून.

ती बघ भिंत. मान वळव, बघ. तीन बाजूंनी गिलावा, रंग, सगळं — आणि तुझ्या बाजूनं उघड्या विटा. एकवीस पावसाळे खाल्लेत तिनं. घराचा पत्ता सांगताना पोरं म्हणतात, ते नागडं घर आहे ना, त्याच्या पुढचं. माझ्या घराला म्हणतात! हद्दीवर भिंत घातली तेव्हा मला अक्कल नव्हती. सगळेच घालत होते, मीही घातली, इंचभर जागा सोडली नाही. बाहेरून गिलावा करायचा तर परांची तुझ्या जागेत बांधावी लागणार, हे भिंत उभी राहिल्यावर डोक्यात आलं. आलो तुझ्याकडे. विचारलं. तू काय म्हणालास, आठवतं? वाल निघू दे झुंबरभाऊ, माघात बांध, मीच बांबू देतो. एवढंच. नाही म्हणाला नाहीस. पण माझ्याकडे सिमेंटच्या चौदा गोण्या पडलेल्या, माघापर्यंत दगड झाल्या असत्या. आणि थांबायचं? मी? वालाच्या शेंगांसाठी? माझ्या डोक्यात राख. तू सकाळी ताडी घालायला बोईसरला गेलास, तसं मी कुंपण मोडलं, तुझ्या वाफ्यांत खड्डे मारले आणि बांबू रोवले. हो, मुद्दाम. वाल तुडवत रोवले.

गवंडी आला, त्याचा बिगारी आला नाही. आमची साखर म्हणाली, मी देते माल. चढली फळीवर, घमेलं घेऊन. पदर खोचलेला, हसत होती. म्हणाली, अहो, वरून खाडीपर्यंत दिसतंय. खोटं. दिसत काय होतं, कंपन्यांच्या चिमण्या. गवंडी खाली माल कालवत होता. आणि तू आलास — रिकामा डबा टाकलास नि वालातून धावत आलास, दोन्ही हातांनी बांबू धरलास — ओढलास. बांबू ओढलास आणि परांची खाली आली. साखर खाली आली. दगडावर, कमरेवर. तिचा आवाज तू ऐकलास. मी ऐकला. मग मला काही दिसेना, फावडं दिसलं. दांड्याकडून धरलं, का पात्याकडून? — फावडं उलटं फिरवलं मी, दांडा घातला तुला. पहिला तुझ्या उजव्या कोपरावर. ओली फांदी मोडते तसं वाजलं. तू ओरडलासही नाहीस, नुसता हाताकडे बघत राहिलास, की हा असा उलटा का लोंबतोय. दुसरा पाठीत. पालथा पडलास वालात. माझ्या बायकोला पाडतो? माझ्या? त्या वेळी कुणी मधे आलं असतं तर त्यालाही फोडलं असतं. गवंडी पळाला, घमेलं टाकून पळाला, त्याची मजुरीसुद्धा न्यायला आला नाही.

तिसरा? — तिसऱ्याचं काय? मारला तिसरा. त्याच कोपरावर मारला, जमिनीवर पडलेल्या. तू असा बघू नकोस माझ्याकडे. एकवीस वर्षं बघितलं नाहीस, आता कशाला बघतोस?

फौजदार आला. मी बसलो होतो ह्याच ओट्यावर, हात पुढे करून, घाला बेडी म्हणून. तू काय सांगितलंस? ताडावरून पडलो. पंचवीस वर्षं ताडी काढणारा माणूस, तू, पाठीवर दांड्याचा वळ घेऊन सांगतोस, ताडावरून पडलो! फौजदार हसला. लिहून घेतलं आणि गेला. का सांगितलंस? मला आत जाऊ द्यायचं होतंस. दोन वर्षं दगड फोडले असते आणि मान वर करून आलो असतो. तू मला सोडलंस. सोडलंस आणि ते दोन ताड तसेच उभे राहिले तुझ्या जागेत, त्यांच्यावर परत कुणी चढलं नाही. वाळल्या झावळ्या माझ्या पत्र्यावर पडायच्या, वाऱ्यानं. प्रत्येक झावळीला मी उठून बसायचो. तुझी बायको, जमुना, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला जायला लागली, ह्या समोरून जायची. एक शिवी दिली असती तिनं. एक दगड मारला असता. काही नाही.

तू ओढलास. मी सगळ्यांना तेच सांगितलं, कैलासला सांगितलं, गावाकडे सांगितलं. ओढलास म्हणून पडली. फक्त साखर — साखरला दवाखान्यात शुद्ध आली, पहिलं वाक्य काय तिचं? बळवंतभाऊंना लागलं का हो, त्यांनी बांबू धरला होता, मी वरून बघितलं. तिच्या कमरेला प्लास्टर, आणि मी तिचा गळा धरला, बळवंत. दवाखान्यात, खाटेवर. म्हटलं, हे परत बोललीस तर उरलेली कंबरही मोडीन. परत बोलली नाही. एकोणीस वर्षं लंगडत चालली, ह्याच भिंतीच्या आतल्या बाजूला झोपायची, पावसात गादी ओली व्हायची, दम लागायचा — खोकायची आणि बोलायची नाही. गेली ती भाद्रपदात. गेली तेव्हाही त्या भिंतीकडे तोंड करून.

चहा गार झाला. पी नाहीतर ओत.

दोरी माझी होती. ऐकायचंय ना? ऐक मग. दोरी कंपनीतून आणली होती, भंगारातून. पांढरीशुभ्र, नायलॉनची, दिसायला कोरी. ॲसिडच्या ड्रमांमागे पडली होती महिनाभर. बांधताना हाताला चुरचुरलं माझ्या. कळलं मला. नळावर हात धुतले आणि पुढची गाठ मारली, कारण तू बोईसरहून परत यायच्या आत काम उरकायचं होतं. दुसरा दांडा बसला, तू पालथा पडलास, आणि तुझ्या तोंडाजवळ त्या दोरीचं टोक पडलं होतं. ते तुटलेलं नव्हतं, भुकटी झाली होती त्याची. बघितलं मी. वालाच्या पानावर पांढरी भुकटी. सगळं कळलं त्या क्षणाला. कोण धावत आलं, कशाला आलं, काय धरलं. आणि मग मी दांडा उचलला. थांबलो असतो तर गवंड्याला कळलं असतं, गल्लीला कळलं असतं की झुंबर चुकला. म्हणून मारला तिसरा. पहिले दोन आंधळे होते. तिसरा बघून मारलाय. हात त्या तिसऱ्यानं गेला तुझा, डॉक्टर म्हणाला होता जमुनाला, एका जागी मोडलं असतं तर जुळलं असतं. मला कसं कळलं? दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो मी.

आता कैलास म्हणतो, बाबा, जागा घ्या, गिलावा करून टाकू, विषय मिटवू. सोपं आहे त्याला. मी जागा घ्यायची, परांची बांधायची, भिंत गुळगुळीत करायची, आणि तू दोन लाख कमी घेऊन जायचं? तसली जागा मला नको. दलाल देतो तेवढेच देईन, एक रुपया खाली नाही. पण आधी तिसरा परत घे. तो देणं आहे माझ्यावर. त्याच्या आधी कागदाला हात लावणार नाही.

हे बघ, कोपर ठेवलं इथं, पायरीच्या कडप्प्यावर. उजवं. काळजी नको, रजिस्ट्रेशनला डावाच अंगठा लागतो, विचारून आलोय मी. नळाजवळ धोपाटणं आहे सुनेचं, सागवानी, घे ते. डाव्या हातानं जमेल तेवढा जोर लाव. — मान काय हलवतोस? फौजदाराला खोटं सांगितलंस तशी आजही मेहेरबानी करणार? कुठं चाललास? बळवंत! चप्पल घालू नकोस. पायरी उतरलास तर दलालाला दे जागा, मला तोंड दाखवू नकोस. लोक म्हणतील, ह्याचा हात मोडला, आणि हा मोडणाऱ्यालाच जमीन विकायला आला, दोन लाख सोडून, शेपूट हलवत. मीच म्हणेन. चौकात उभा राहून म्हणेन. जमुनाच्या कानावर जाईल असं म्हणेन. — हां. आला ना राग? ये. वळ. त्याच रागानं ये. एकवीस वर्षं कुठं ठेवला होतास?

अपेक्षा, काही ऐकू आलं तरी दार उघडायचं नाही.

जवळ ये अजून. दात आवळलेत मी, डोळे मिटत नाही. वर उचल, आणखी वर, असा नाही, कोपर बघून —

आई गं —

नाही. शिवू नकोस. बघू दे. लोंबतोय.

फिटलं.