सोबत आलेल्याचं नाव

तंजावुरात एका सेवा मंडळाचं मोफत नेत्रशिबिर होतं. टेबलापाशी अर्ज भरणारी मुलगी, समोर एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्यामागे एक बाई, मग मी. मराठी कानावर पडली.

"नाव, ताता?"

"व्यंकोजी."

"सोबत कोण?"

"कोणी नाही. पुढचं लिही."

"सोबतीशिवाय ऑपरेशन नाही. मंडळाचा नियम आहे."

"मीच केला तो. पहिल्या शिबिरात पापनाशमची एक आजी पट्टी बांधून एकटीच निघाली, ती कालव्यात पडली."

"तुम्ही मंडळात होता?"

"भिंतीवरच्या फोटोत बघ. डावीकडून चौथा."

"अय्यो, एवढे केस!"

"फोटोतल्या बाराजणांतला मी एवढाच उरलोय."

"घरचं कोणी?"

"बायको असती तर आत्ता तुझ्याशी तीच भांडत असती."

"मग माझं नाव घालते. भुवना."

"मंडळाच्या माणसाचं चालत नाही. तोही नियम माझाच."

"काय हो, ताता! दुसऱ्या डोळ्यानं तरी दिसतं ना?"

"सावल्या दिसतात."

मागची बाई पुढे झाली.

"माझं घाल गं. शेषम्मा. मला नुसता चष्मा हवाय. मी थांबते, घरी पोचवते."

"तुम्ही यांच्या कोण, अम्मा?"

"कोणी नाही. सकाळपासून यांच्या मागं उभी आहे."

"नातं लिहावं लागतं. ताता, काय लिहू?"

"तेवढं मोकळं ठेव. पट्टी सुटली की यांना नीट बघतो, मग सांगतो."